राखीव सैनिकाची सेवानोंद : चूक ओळखा आणि योग्य तोच कागद दुरुस्त करा

केज तालुक्यातल्या नांदूरघाटसारख्या गावात फौजेत जाऊन आलेल्या माणसाच्या घरी एक पत्र्याची पेटी असते. त्यात डिस्चार्ज बुक, एखादे पदक, पेन्शनची जुनी कागदे आणि पिवळे पडलेले फोटो असतात. तो माणूस असेपर्यंत ही पेटी कोणी उघडत नाही. तो गेल्यावर मात्र त्याच्या पत्नीला याच पेटीतून आपण त्याची पत्नी आहोत हे सिद्ध करावे लागते. तेव्हा कळते की डिस्चार्ज बुकात तिचे माहेरचे नाव आहे, आधारवर सासरचे आहे आणि पेन्शनच्या आदेशात नावच नाही.

आपल्या समाजातल्या तरुणांनी आणि कार्यकर्त्यांनी जवळ ठेवावी, म्हणून ही माहिती आम्ही एकत्र केली आहे. यातला भर राखीव सैनिकांवर, म्हणजे रिझर्व्हिस्टांवर आहे, कारण त्यांच्या नोंदी सर्वांत जुन्या आहेत आणि सर्वांत लवकर नष्ट होतात. पण इथली बहुतेक पद्धत कोणत्याही माजी सैनिकाला लागू पडते.

राखीव सैनिक कोणाला म्हणायचे

१९७० च्या दशकापर्यंत भूदलात अनेक जवानांची भरती दोन टप्प्यांच्या करारावर होत असे. ठरावीक वर्षे प्रत्यक्ष पलटणीत नोकरी करायची, तिला कलर सर्व्हिस म्हणतात. उरलेली वर्षे गावी राहायचे, पण सरकारने बोलावले की हजर व्हायचे. हा दुसरा टप्पा म्हणजे रिझर्व्ह सर्व्हिस. त्याचा कायदा इंग्रजांच्या काळातला, १८८८ चा आहे.

कलर आणि रिझर्व्ह मिळून किमान १५ वर्षांची पात्र सेवा पूर्ण केलेल्या आणि दुसरे सेवा निवृत्तिवेतन न घेणाऱ्या जवानाला रिझर्व्हिस्ट पेन्शन मिळू शकते. म्हणजे पलटणीतली वर्षे कमी असली तरी रिझर्व्हची वर्षे धरून हक्क तयार होतो. म्हणूनच त्याच्या कागदावरची एक ओळ फार महत्त्वाची ठरते : अमुक तारखेला रिझर्व्हमध्ये वर्ग, अमुक तारखेला रिझर्व्हमधून मुक्त. ही ओळ नसेल तर पुढचे सगळे अडते.

सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये टी. एस. दास यांच्या प्रकरणात हाच मुद्दा तपासला. ते नौदलाच्या जवानांचे प्रकरण होते. करारात रिझर्व्हची अट होती एवढ्यावर रिझर्व्हिस्ट पेन्शन मिळत नाही, प्रत्यक्ष रिझर्व्हमध्ये घेतल्याचा आदेश असावा लागतो, असे न्यायालयाने म्हटले. त्यामुळे घरात तसा आदेश किंवा डिस्चार्ज बुकात तशी नोंद असेल, तर ते पान सोन्यासारखे जपा.

नोंदी कुठे असतात

जवानाची मूळ नोंद तहसील कचेरीत नसते. ती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही नसते. ती असते त्याच्या रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या अभिलेख कार्यालयात, ज्याला फौजी माणसे नुसते 'रेकॉर्ड' म्हणतात. आपल्या भागातल्या लोकांना लागणारी काही ठिकाणे अशी :

- महार रेजिमेंट : सागर, मध्य प्रदेश
- मराठा लाइट इन्फंट्री : बेळगाव
- तोफखाना : नाशिक रोड
- बॉम्बे सॅपर्स : खडकी, पुणे
- ब्रिगेड ऑफ द गार्ड्स : कामठी
- आर्मर्ड कोअर आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्री : अहिल्यानगर
- आर्मी सर्व्हिस कोअर : बंगळुरू
- सिग्नल्स : जबलपूर

पेन्शनचा आदेश, म्हणजे पी.पी.ओ., प्रयागराजच्या प्रधान नियंत्रक रक्षा लेखा (पेन्शन) कार्यालयातून निघतो. आता पेन्शनचे बहुतेक काम 'स्पर्श' या ऑनलाइन प्रणालीवर चालते. पण स्पर्शवरची माहिती मूळ रेकॉर्डवरूनच आलेली असते. नाव, जन्मतारीख, पत्नीची नोंद अशी मूळ बाब बदलायची असेल तर फाइल फिरून रेकॉर्डकडेच जाते. बँक खाते, पत्ता किंवा मोबाइल क्रमांकासाठी तिथपर्यंत जावे लागत नाही.

आता वेळेचा मुद्दा. भूदलाच्या १९८७ च्या नियमावलीतील परिच्छेद ५९५ नुसार, पेन्शन नसलेल्या जवानाची सेवा कागदपत्रे २५ वर्षांनंतर नष्ट केली जातात. मागे राहतो फक्त लाँग रोल, म्हणजे नाव, क्रमांक, भरती आणि मुक्तीच्या तारखा असा थोडका तपशील. एखाद्या राखीव सैनिकाला पेन्शन नाकारली गेली आणि त्याने २५ वर्षे दाद मागितली नाही, तर सरकारी फाइल उरत नाही. अशा वेळी घरातले डिस्चार्ज बुक हाच सर्वांत पूर्ण पुरावा असतो. ते वाळवीने खाल्ले किंवा पावसात भिजले तर त्याच्या जागी दुसरा कागद उभा राहत नाही.

आधी ठरवा : चूक, बदल की निर्णय

अर्ज लिहिण्याआधी आपले काम तीनपैकी कोणत्या प्रकारचे आहे ते ओळखा. तिन्हींची वाट वेगळी आहे. ती मिसळली की अर्ज परत येतो.

*लेखनिकाची चूक.* मूळ भरतीच्या कागदावर बरोबर आहे, पुढे उतरवताना चुकले. वाघमारे या आडनावाच्या इंग्रजी स्पेलिंगमधला एक 'एच' गळतो, कांबळेमध्ये एक 'ए' वाढतो. ही दुरुस्ती सर्वांत सोपी, कारण मूळ कागदच आपल्या बाजूने बोलतो.

*नंतर झालेला बदल.* लग्न, अपत्य, पत्नीचे निधन, नावात बदल, धर्मांतर. इथे नोंद चुकलेली नसते, ती मागे राहिलेली असते. नोकरीत असताना हे काम पार्ट टू ऑर्डरने होते. निवृत्तीनंतर प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडून अर्ज करावा लागतो.

*सरकारचा निर्णय.* सेवेचे दिवस कमी मोजले, डिस्चार्जचे कारण चुकीचे लिहिले, अपंगत्व 'सेवेमुळे नाही' असे ठरवले. याला दुरुस्ती म्हणत नाहीत, हा वाद आहे. त्यासाठी अपील आणि शेवटी न्यायाधिकरण आहे. 'कृपया दुरुस्त करावे' एवढ्या अर्जाने तो सुटत नाही.

ज्या चुका वाटतात, पण नाहीत

बीड जिल्ह्यातल्या जुन्या कागदांवर काही गोष्टी हमखास दिसतात आणि घरचे लोक घाबरतात.

जिल्हा 'भीर' आणि तालुका 'कैज' असे इंग्रजीत लिहिलेले असते. ही त्या काळातली अधिकृत स्पेलिंग आहेत. राज्य 'हैदराबाद' लिहिलेले असते. बीड १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होते आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात. त्यानंतर १ मे १९६० पर्यंत मुंबई राज्यात. म्हणजे १९५२ ला भरती झालेल्याच्या कागदावर हैदराबाद आणि १९५८ ला भरती झालेल्याच्या कागदावर मुंबई असेल, तर दोन्ही बरोबर आहेत. उस्मानाबादचे धाराशिव आणि औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर झाल्यानेही जुनी नोंद चुकीची ठरत नाही. अशा ठिकाणी दुरुस्तीचा अर्ज करू नका. गरज पडली तर 'जुने आणि नवे नाव एकाच ठिकाणाचे' असे एका ओळीत लिहून द्या.

आडनावाचेही तसेच. जुन्या नोंदीत नुसते नाव आणि बापाचे नाव असते, आडनाव नसते. अनेक घरांत आडनाव नंतर शाळेत लागले. अशा वेळी 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र पुष्कळदा पुरते. नोंद बदलावी लागत नाही.

कोणता कागद बदलायचा?

आमच्या मते सगळ्या प्रक्रियेतला हा कळीचा प्रश्न आहे, आणि बहुतेक लोक तो विचारतच नाहीत. दोन कागद जुळत नाहीत म्हटले की सगळे फौजेचा कागद बदलायला धावतात. पण फौजेचा कागद जुना असतो, त्या काळी अधिकाऱ्यासमोर लिहिलेला असतो आणि बदलायला सर्वांत कठीण असतो. आधार किंवा बँकेतली नोंद अलीकडची असते आणि तुलनेने लवकर बदलते.

म्हणून नियम साधा ठेवा. सगळे कागद तारखेच्या क्रमाने मांडा. फौजेची नोंद आणि शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा जुळत असेल, तर आधार बदला. फौजेची नोंद एकटीच वेगळी पडत असेल आणि तिच्याहून जुना कागद हाती असेल, तरच रेकॉर्डकडे जा.

आपल्याकडच्या पुष्कळ वृद्ध स्त्रियांच्या आधारवर जन्मतारीख १ जानेवारी आहे, कारण शिबिरात अंदाजाने वय सांगितले गेले. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नाही, हे आधार प्राधिकरणानेच डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. तेव्हा आधारच्या बळावर फौजेची जन्मतारीख बदलून मागणे टिकत नाही.

जवानाच्या स्वतःच्या जन्मतारखेबद्दलही स्पष्ट सांगायला हवे. भरतीच्या वेळी मान्य केलेली तारीख नोकरीच्या शेवटी किंवा निवृत्तीनंतर बदलून घेणे जवळजवळ अशक्य आहे. सरकारी नोकरांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने १९९३ च्या हरनाम सिंग प्रकरणापासून उशिरा केलेल्या अशा मागण्यांबद्दल कडक भूमिका घेतली आहे. त्यात पैसा आणि वर्षे घालवू नका.

पत्नीची नोंद : सर्वांत आधी हे काम

लग्नानंतर मुलीचे नाव बदलण्याची आपल्याकडची रीत फौजेच्या कागदावर मोठा घोळ करते. लग्नानंतर जवानाने रजेवरून परत जाऊन एक नाव सांगितले, घरात दुसरे रुळले, मतदार यादीत तिसरे लागले. जवान हयात असेपर्यंत कोणाचे अडत नाही. तो गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतन तिच्या नावाने सुरू व्हायचे असते आणि तिथे नावाचे एकेक अक्षर पाहिले जाते.

तिची जन्मतारीखही तितकीच महत्त्वाची. पेन्शन किंवा कुटुंब पेन्शन घेणाऱ्याला ८० वर्षे पूर्ण झाल्यावर मूळ रकमेवर २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि १०० ला १०० टक्के. कागदावर तिचे वय दहा वर्षांनी कमी लागले असेल, तर ही वाढ दहा वर्षे उशिरा येईल. ८० वर्षांच्या बाईसाठी दहा वर्षे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको.

निवृत्त जवानाने पत्नीचे नाव लावण्यासाठी किंवा दुरुस्त करण्यासाठी साधारण हे कागद लागतात :

1. जवानाचा सही किंवा अंगठ्याचा अर्ज, त्यावर क्रमांक, हुद्दा, पलटण, पी.पी.ओ. क्रमांक
2. डिस्चार्ज बुक आणि पी.पी.ओ.ची प्रत
3. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर केलेले प्रतिज्ञापत्र
4. नावात खरा बदल असेल तर वृत्तपत्रातील जाहिरात. बहुतेक वेळा दोन वृत्तपत्रे मागतात, एक स्थानिक भाषेतले आणि एक इंग्रजी
5. दोघांचे आधार, पॅन आणि बँक पासबुकची प्रत
6. दोघांचा एकत्र फोटो
7. विवाह नोंदणीचा दाखला, नसेल तर ग्रामपंचायतीचा रहिवासी व कुटुंबाचा दाखला
8. पत्नीच्या जन्मतारखेचा पुरावा, शक्यतो शाळेचा उतारा

ही फाइल जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, बीड यांच्यामार्फत रेकॉर्डला पाठवावी. थेट पाठवता येते, पण कार्यालयामार्फत गेली तर कागद साक्षांकित होतात आणि आवक-जावक क्रमांक मिळतो.

हे सगळे जवान स्वतः अर्ज करतो तेव्हाचे. तो वारल्यावर हीच यादी दुप्पट होते आणि सही करणारा माणूस नसतो. दुसरे लग्न, सोडून दिलेली पत्नी, दोन घरे असा प्रश्न असेल तर गोष्ट दिवाणी न्यायालयापर्यंत जाऊ शकते. कार्यकर्त्यांनी अशा घरात एका बाजूचे होऊ नये. मात्र कोणाही बाईचा हक्क चोरून कागद करायला मदत करू नये.

सेवेचे दिवस मोजा

राखीव सैनिकाच्या बाबतीत १५ वर्षांची रेघ महत्त्वाची आहे. म्हणून डिस्चार्ज बुक घेऊन स्वतः बेरीज करा : भरतीची तारीख, कलर सर्व्हिस संपल्याची तारीख, रिझर्व्हमधून मुक्त झाल्याची तारीख. बिनपगारी रजा किंवा शिक्षेचा काळ वजा केला असेल तर तो वेगळा लिहा.

बेरीज थोडीशी कमी भरली तर निराश होऊ नका. भूदलाच्या १९६१ च्या पेन्शन नियमावलीतील नियम १२५ खाली सेवेतली तूट माफ करता येते. ही मर्यादा आधी सहा महिने होती, २००१ मध्ये ती बारा महिने झाली. ही माफी आपोआप मिळत नाही, मागावी लागते, आणि स्वतःहून नोकरी सोडलेल्यांसारखे काही अपवादही आहेत. समजा, एखाद्याची सेवा १४ वर्षे ५ महिने भरते. त्याने 'मला पेन्शन द्या' असे न लिहिता 'सात महिन्यांची तूट नियम १२५ खाली माफ करून रिझर्व्हिस्ट पेन्शन मंजूर करावी' असे लिहायला हवे.

धर्म आणि जातीची नोंद

आपल्या तरुणांचा हमखास प्रश्न असतो : आजोबांच्या फौजेच्या कागदावर 'हिंदू-महार' आहे, ते 'बौद्ध' करून घ्यावे का?

या प्रश्नामागची भावना आम्हाला समजते. फौज आणि आपला समाज यांचे नाते जुने आहे. बाबासाहेबांचे वडील रामजी सकपाळ सुभेदार होते आणि बाबासाहेबांचा जन्म महूच्या लष्करी छावणीतला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. तिच्याविरुद्ध गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ च्या सुमारास विनंती अर्ज तयार केला, १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी अर्ज केला. पहिल्या महायुद्धात १११ महार ही पलटण उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली गेली. बाबासाहेब १९४१ मध्ये संरक्षण सल्लागार समितीवर गेले, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावला महार रेजिमेंट स्थापन झाली. १४ ऑक्टोबर १९५६ ला धम्मदीक्षा झाली, तेव्हा या रेजिमेंटमधले कित्येक जवान आणि त्यांची घरे बौद्ध झाली. कागद मात्र जुनाच राहिला.

तरीही आमचा सल्ला असा की आजोबांची जुनी नोंद बदलू नका. याची तीन कारणे आहेत.

पहिले, पेन्शनवर धर्माच्या रकान्याचा काही परिणाम होत नाही. दुसरे, ती नोंद ज्या दिवशी लिहिली त्या दिवसाची खरी आहे. १९४३ ला भरती झालेला माणूस तेव्हा बौद्ध नव्हता. तिसरे आणि सर्वांत व्यावहारिक, अनुसूचित जातीच्या दाखल्यासाठी आणि पडताळणीसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागितला जातो. बौद्ध झालेल्यांना केंद्रात अनुसूचित जातीचा दर्जा १९९० च्या दुरुस्तीने मिळाला, पण मूळ जात त्यांना दाखवावीच लागते. निजामी राज्यातल्या आपल्या लोकांकडे शाळेचे कागद कमी आणि जमिनीचे त्याहून कमी. अशा घरात आजोबांच्या भरतीच्या कागदावरची 'महार' ही नोंद नातवाच्या दाखल्याला आधार देऊ शकते. कोरेगाव भीमाच्या स्तंभावर कोरलेल्या नावांतले आपले पूर्वज आपण ओळखतो ते त्यांच्या नावामागच्या 'नाक' या शब्दावरून. ती नावे कोणी 'सुधारली' असती तर आपण त्यांना शोधले कुठे असते?

सध्या नोकरीत असलेल्या जवानाची गोष्ट वेगळी. त्याने धर्म बौद्ध लावायचा असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात बदल प्रसिद्ध करून, युनिटमार्फत पार्ट टू ऑर्डर काढून घ्यावी. निवृत्तीपर्यंत थांबू नये. आणि शाळेच्या दाखल्यावर, जातीच्या दाखल्यावर व फौजेच्या कागदावर तिन्हीकडे एकच मांडणी राहील असे पाहावे.

अर्ज कसा लिहावा

अर्ज एका पानाचा असावा. एका अर्जात एकच मागणी. इतिहास, तक्रार, भावना वेगळ्या ठेवा. सागर किंवा जबलपूरला पाठवताना हिंदी किंवा इंग्रजीत लिहिणे सोयीचे. मजकुराचा सांगाडा असा :

> प्रति, अभिलेख अधिकारी, (रेजिमेंटचे नाव व ठिकाण)
> मार्फत : जिल्हा सैनिक कल्याण अधिकारी, बीड
> विषय : सेवानोंदीत पत्नीच्या नावाची दुरुस्ती
> क्रमांक, हुद्दा, नाव, भरतीची तारीख, रिझर्व्हमध्ये वर्ग झाल्याची तारीख, मुक्तीची तारीख, पी.पी.ओ. क्रमांक
> सध्याची नोंद : …
> असायला हवी ती नोंद : …
> कारण : (दोन ओळी)
> पुरावे : (क्रमांक देऊन यादी)
> विनंती : दुरुस्ती करून सुधारित पी.पी.ओ. निघण्यासाठी पुढील कार्यवाही करावी व मला लेखी कळवावे.

'सध्याची' आणि 'हवी ती' नोंद एकाखाली एक लिहिल्याने तपासणाऱ्याला शोधावे लागत नाही. मूळ कागद कधीही पाठवू नका, साक्षांकित प्रतीच पाठवा. टपाल स्पीड पोस्टने करा आणि पावती अर्जाच्या प्रतीला टाचून ठेवा. पुढे हीच पावती तारखेचा पुरावा असते.

रेकॉर्डने दुरुस्ती मान्य केली की काम संपले असे समजू नका. सुधारित पी.पी.ओ. निघाला का आणि स्पर्शवर नवी नोंद दिसते का, हे दोन्ही पाहिल्यावरच फाइल बंद करा.

उत्तर आले नाही तर

*माहितीचा अधिकार.* २००५ च्या कायद्याखाली रेकॉर्ड ऑफिसच्या जनमाहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील व्यक्तीला माफ. उत्तर ३० दिवसांत यायला हवे, नाही आले तर पहिले अपील. 'माझे काम का होत नाही' असे विचारू नका. कागद मागा : लाँग रोलचा उतारा, कुटुंबाच्या नोंदीची प्रत, माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर झालेल्या कार्यवाहीची प्रत. कागदपत्रे नष्ट केली असतील तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत मागा. अर्ज जवानाने स्वतः किंवा त्याच्या पत्नीने केलेला बरा, परक्याच्या नावाने केला तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारला जाऊ शकतो.

*सैनिक कल्याण विभाग.* जिल्हा कार्यालयाच्या वर पुण्याला राज्याचा सैनिक कल्याण विभाग आहे. तिथे स्मरणपत्राची प्रत द्यावी.

*सशस्त्र सेना न्यायाधिकरण.* २००७ च्या कायद्याने हे न्यायाधिकरण झाले. महाराष्ट्रासाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. आधी खात्याकडे लेखी दाद मागितलेली असावी लागते. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत अर्ज करायचा असतो. अर्ज देऊन सहा महिने उत्तर आले नाही, तर त्यानंतरच्या सहा महिन्यांत जाता येते. पेन्शन दर महिन्याचा हक्क असल्याने उशीर झालेली प्रकरणेही ऐकली जातात. पण सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या तरसेम सिंग निकालानंतर थकबाकी साधारणपणे मागच्या तीन वर्षांचीच मिळते. त्याआधीचे पैसे गेले ते गेले.

*मोफत वकील.* १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, मोफत कायदेशीर मदतीचा हक्क आहे. केजच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समितीकडे आणि बीडला जिल्हा प्राधिकरणाकडे यासाठी अर्ज करता येतो. 'पेन्शन सुरू करून देतो, पहिल्या थकबाकीतला निम्मा हिस्सा द्या' म्हणणाऱ्या एजंटाकडे जाण्याआधी ही दारे ठोठावा. कोणत्याही एजंटाला स्पर्शचा पासवर्ड, ओ.टी.पी. किंवा मूळ डिस्चार्ज बुक देऊ नका.

विहारातून करता येण्यासारखे काम

आपल्या भागात दिवाळीच्या आगेमागे घरेच्या घरे ऊसतोडीला बाहेर पडतात. पेन्शनरांच्या हयातीच्या दाखल्याचा महिनाही बहुतेकांसाठी नोव्हेंबरच असतो. मुलगा-सून कारखान्यावर आणि म्हातारी एकटी गावात, अशा वेळी दाखला राहतो आणि पेन्शन थांबते. म्हणून कागद तपासण्याचे काम फड सुटायच्या आधी, वर्षावासातच करायला हवे. तीन महिने विहारात लोक जमतातच. त्यातला एक रविवार या कामाला द्या.

त्या दिवशी प्रत्येक माजी सैनिकाच्या घरासाठी एक पान करा. त्यावर डिस्चार्ज बुक, पी.पी.ओ., आधार, पॅन आणि पासबुक या पाच कागदांवरचे जवानाचे नाव, पत्नीचे नाव आणि दोघांच्या जन्मतारखा रकान्यांत लिहा. कुठे जुळत नाही ते लाल पेनाने दाखवा. डिस्चार्ज बुकाच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर स्वच्छ फोटो काढून तो घरातल्या दोन माणसांकडे ठेवा. एवढ्याला वकील लागत नाही, बारावी शिकलेली मुलगीही हे नीट करू शकते.

अग्निवीर म्हणून भरती होणाऱ्या मुलामुलींनाही हेच सांगा. चार वर्षांच्या या नोकरीला पेन्शन नाही, त्यामुळे तिथून मिळालेले प्रत्येक प्रमाणपत्र हीच पुढची शिदोरी आहे. भरतीचा फॉर्म भरतानाच नाव, आईचे नाव, जात आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्राप्रमाणे तंतोतंत लिहा.

जवान स्वतः सही करू शकतो तोवर या कामाला काही महिने आणि थोडे पैसे लागतात. त्याच्या माघारी तेच काम त्याच्या पत्नीला वर्षानुवर्षे करावे लागते. गावात ज्यांच्या घरी अजून असे आजोबा आहेत, त्यांच्याकडे या महिन्यातच जा, आणि पहिल्यांदा त्यांच्या पत्नीचे नाव तपासा.